चार शनिवार, 11,210 रुपये आणि एक न ओढलेली तार

विजेच्या जाळ्याच्या नियोजनाचा एक वर्ग केला. त्याचे पैसे माझ्या खिशातले गेलेत, ऑफिसने भरलेले नाहीत, हे आधीच सांगते. फी 9,500, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 1,710, एकूण 11,210. मुलुंड पूर्वेला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर दुसऱ्या मजल्यावर एक हॉल. चार शनिवार, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. मी कळव्याची. स्लो लोकलने ठाणं, मग मुलुंड, संपलं. वर्ग रविवारी ठेवला नाही हे बरं केलं, नाहीतर मेगाब्लॉकात निम्मे लोक ठाण्याच्या पुलावर अडकले असते.

वर्गाचा विषय असा: पुढे काय होणार हे नक्की ठाऊक नसताना विजेच्या पारेषणाचं, म्हणजे वीज दूरवर वाहून नेणाऱ्या वाहिन्यांचं, जाळं कुठे, किती आणि कधी वाढवायचं ते कसं ठरवावं. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत आणि शिकवणारे सर भला माणूस आहेत. ओळखीच्यांनी फोन करून विचारावं.

माझ्याबद्दल दोन ओळी, म्हणजे कोणाच्या चष्म्यातून वाचताय ते कळेल. एकवीस वर्षं मी वीज उपकेंद्रांतल्या टेस्टिंगमध्ये काढली. रिले, सीटी, पीटी, ब्रेकरचं टायमिंग, ट्रान्सफॉर्मरचं तेल. चार वर्षांपूर्वी गुडघ्यांनी यार्डातल्या खडीवर चालायला नकार दिला तेव्हा नियोजनाच्या टेबलावर आले. टेस्टिंगच्या माणसाला एक खोड असते: मीटर लावून दाखवलं नाही तर मानायचं नाही. आणि इथे पहिल्याच दिवशी साहेबांनी समोर 2035 सालची मागणी ठेवली. 2035 ला मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) कुठून लावायचा?

आमच्याकडे चालतं ते असं. मागणीचा एक अंदाज येतो. तो पायाभूत धरून लोड फ्लो चालवायचा, म्हणजे कुठल्या वाहिनीतून किती वीज जाईल त्याचा हिशोब. मग एकेक वाहिनी, एकेक ट्रान्सफॉर्मर काढून बघायचं की उरलेल्यांवर जास्तीचा भार पडतोय का. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची नियोजनाच्या निकषांची पुस्तिका हाताशी असते, 2013 ची होती, 2023 मध्ये नवी आली. एक गेलं तरी चाललं पाहिजे, एक गेल्यावर सावरून दुसरं गेलं तर काय चालेल, हे सगळं त्यात आहे, आणि शिस्तीचं आहे. पण ज्या अंदाजावर हे उभं आहे तोच चुकला तर? त्यासाठी आमच्याकडे ‘उच्च मागणी’ आणि ‘निम्न मागणी’ अशा दोन पुरवण्या जोडतात, ज्या कोणी वाचत नाही. मीच जोडल्यात, म्हणून सांगते.

पहिला शनिवार सकाळी थोडा लांबला. सरांनी फळ्यावर मोठे आकडे लिहिले. 2030 पर्यंत 500 गिगावॉटपेक्षा जास्त अपारंपरिक वीज जोडायची म्हणून डिसेंबर 2022 मध्ये जाहीर झालेला पारेषणाचा आराखडा: 50,890 सर्किट किलोमीटर वाहिन्या, 2.44 लाख कोटी रुपये. मग प्रश्न टाकला, “यातला कुठला किलोमीटर वाया जाईल?” वर्गात सतरा जण होतो, सगळे हसले. सर हसले नाहीत. सौर प्रकल्प दीड-दोन वर्षांत उभा राहतो आणि मोठ्या वाहिनीला त्याहून जास्त लागतात, म्हणजे ज्याच्यासाठी रस्ता करायचा त्याचा पत्ता लागण्याआधी रस्ता सुरू करावा लागतो. हे त्यांनी साध्या भाषेत सांगितलं आणि मला तिथेच ते आवडले.

दुपारी लॅपटॉप उघडले. वापरलं ते पायप्सा, पायथनमधलं फुकट मिळणारं पॅकेज, आणि सोडवणूक करायला हायस नावाचा सॉल्व्हर, तोही फुकट. ज्यांच्या ऑफिसात लाखांच्या परवान्याची सॉफ्टवेअरं आहेत त्यांनी नाक मुरडू नये. घरी येऊन मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर मी तेच सगळं परत चालवलं, एक रुपया लागला नाही. हॉलच्या वायफायवर मात्र सतरा जणांनी एकदम इन्स्टॉल करायला घेतल्यावर पाऊण तास गेला. आधी मेल करून घरूनच इन्स्टॉल करून या म्हणता आलं असतं.

उदाहरण गार्व्हर नावाच्या अभियंत्याचं. 1970 साली त्यांनी रेषीय गणिताने जाळं वाढवण्याची पद्धत मांडली आणि त्यासाठी सहा बसांचं (बस म्हणजे वाहिन्या जिथे जोडल्या जातात तो बिंदू) एक छोटं जाळं घेतलं. पन्नासहून जास्त वर्षं झाली, जगभर या विषयाची सुरुवात त्याच सहा बसांवर होते. एकूण मागणी 760 मेगावॉट. पाच बस एकमेकांना जोडलेले, आणि सहावा 600 मेगावॉटचं जनित्र घेऊन एकटा बसलेला, त्याला एकही वाहिनी नाही. (राजस्थानातल्या एका सौरवाल्याचा मला नंतर ऑफिसात फोन आला तेव्हा मी त्याला मनातल्या मनात ‘बस सहा’ म्हटलं.) आता वाहिन्या कुठे टाकायच्या? प्रत्येक जनित्राने किती वीज द्यायची हे आधीच ठरवून टाकलं तर वाहिन्यांचा खर्च येतो 200, मूळ हिशोबाच्या एककात: बस दोन आणि सहामध्ये चार वाहिन्या, चार आणि सहामध्ये दोन, तीन आणि पाचमध्ये एक. आणि जनित्रं हवी तशी कमीजास्त करायची मुभा दिली तर तेच काम 110 मध्ये होतं: चार आणि सहामध्ये तीन, तीन आणि पाचमध्ये एक.

हे मी पुस्तकात वाचलं असतं तर पान उलटलं असतं. स्वतः एंटर दाबून 200 चे 110 होताना पाहिले आणि ट्रॉम्बे डोळ्यांसमोर आलं. मुंबईच्या पोटात ट्रॉम्बेचे संच आहेत, वर डहाणूचे 250 चे दोन, घाटाखाली खोपोली, भिवपुरी, भिरा. ते चालतात असं धरलं तर बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्या कमी लागताना दिसतात. ते महाग म्हणून बंद ठेवले, किंवा म्हातारे म्हणून काढले, की तोच नकाशा अपुरा पडतो. वाहिन्यांचा प्रश्न हा अर्धा जनित्रांचा प्रश्न असतो. आमच्याकडे हे दोन प्रश्न दोन वेगळ्या मजल्यांवर बसतात.

शेजारी सांगलीची एक पोरगी होती, एमटेक, हुशार. तिचं उत्तर 200 च्या बरंच वर येत होतं. कारण मजेशीर निघालं. वाहिनी बांधली तर तिच्यातला प्रवाह दोन टोकांच्या व्होल्टेजच्या कोनांवर ठरणार, नाही बांधली तर ते बंधनच नको. ही ‘बांधली तर, नाहीतर’ची अट गणितात घालायला एक मोठा आकडा घ्यावा लागतो, त्याला ‘बिग एम’ म्हणतात. तो लहान घेतला तर न बांधलेली वाहिनीसुद्धा दोन टोकांना गुपचूप बांधून ठेवते आणि स्वस्त उत्तर हाताबाहेर जातं. फार मोठा घेतला तर सॉल्व्हर गडबडतो. पोरीने 10 घेतला होता, का, तर दिसायला मोठा वाटला. सरांनी तिथे बसून वीस मिनिटं घालवली आणि वर्गातल्या सगळ्यांना तो लहान-मोठ्याचा खेळ करून दाखवला. अशी वीस मिनिटं व्हिडिओ लावून मिळत नाहीत.

आता दुसरा शनिवार. संकष्टी होती, खाली वडापाव आणि कटलेट, उपवासाचं काही नाही. मी केळी घेऊन गेले होते म्हणून निभावलं. पण त्या दुपारसाठी मी परत 11,210 भरीन.

सरांनी एका कागदावर तीन योजना आणि तीन भविष्यं दिली. आकडे त्यांनीच बेतलेले, कोटींत, पुढे लागणाऱ्या पैशांची आजची किंमत काढून. एका शहराला नवी 400 केव्ही वाहिनी हवी आहे. योजना ‘अ’: दुहेरी सर्किटचे टॉवर, दोन्ही बाजूंना तारा, दोन्ही टोकांना बे (वाहिनी उपकेंद्राला जोडणारी ब्रेकर वगैरे यंत्रं), सगळं आत्ता, 900. योजना ‘ब’: एकाच सर्किटचे टॉवर, 500. योजना ‘क’: टॉवर दुहेरीचे, पण तारा एकाच बाजूला, 650, आणि पुढे लागलं तर दुसरी बाजू 200 मध्ये. मागणी मंद, मध्यम की जोरदार, ते कोणालाच माहीत नाही. जोरदार म्हणजे काय हे मुंबईकराला सांगायला नको. ऐरोली-महापेच्या बाजूला डेटा सेंटरं उभी राहतायत, एकेकाची मागणी एका छोट्या गावाएवढी, आणि अर्ज केलेल्यातले किती खरंच येतील ते अर्ज करणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

वीज कमी पडल्याचा भुर्दंड धरून एकूण खर्च असा. ‘अ’: मंद 900, मध्यम 900, जोरदार 1000. ‘ब’: 500, 850, 1600. ‘क’: 650, 850, 1100. “निवडा,” म्हणाले, आणि चहाला गेले.

वर्गात भांडण झालं, शब्दशः. नागपूरचा एक मुलगा म्हणाला, मंदची शक्यता 60 टक्के, मध्यमची 30, जोरदारची 10. गुणून बेरीज करा: ‘ब’ 715, ‘क’ 755, ‘अ’ 910. ‘ब’ घ्या, विषय संपला. सांगलीची पोरगी म्हणाली, 60 कुठून आणलंस? तिने तिघांना सारखी शक्यता दिली: ‘क’ 867, ‘अ’ 933, ‘ब’ 983. म्हणजे शक्यता बदलली की पहिला नंबर शेवटी. एक गृहस्थ, खाजगी कंपनीतले, म्हणाले, सरळ ‘अ’ घ्या, नंतर कोण परवानग्या मागत बसणार. मी त्यांच्याकडे तेव्हा जरा तुच्छतेने पाहिलं. ते मला नंतर परत घ्यावं लागलं.

सर परत आले आणि म्हणाले, शक्यता बाजूला ठेवा. प्रत्येक भविष्यात सगळ्यात स्वस्त काय ठरलं असतं ते बघा: 500, 850, 1000. तुमच्या योजनेने त्याहून किती जास्त घालवले? त्याला ते ‘रिग्रेट’ म्हणाले. मी वहीत ‘चुटपुट’ लिहिलं, तोच शब्द बरोबर आहे. ‘अ’ची चुटपुट 400, 50, 0. ‘ब’ची 0, 0, 600. ‘क’ची 150, 0, 100. सगळ्यात वाईट चुटपुट सगळ्यात कमी कोणाची? ‘क’ची, 150. ‘क’ मंद भविष्यातही पहिली नाही आणि जोरदारमध्येही नाही, पण रात्री झोप येते.

मग एक शेवटची गुगली. सारख्या शक्यता धरल्या तर ‘क’चा सरासरी खर्च 867. भविष्य आधीच कळलं असतं आणि दरवेळी नेमकी योग्य योजना घेतली असती तर सरासरी 783. फरक सुमारे 83 कोटी. म्हणजे कुठलाही सल्लागार कितीही चांगला अंदाज विकायला आला तरी त्याची किंमत या शहरासाठी 83 कोटींच्या वर असूच शकत नाही. चार वर्षं मी अंदाज सुधारायच्या मागे होते. कुठे थांबायचं याला आकडा असतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

घरी जाताना गाडीत उभ्याने तोच कागद बघत होते आणि कळवा आलं तेव्हा काहीतरी खुपायला लागलं. ‘क’ योजनेत दुसऱ्या बाजूची तार ‘नंतर’ ओढायची आहे. नंतर म्हणजे कधी? कोण देणार शटडाऊन?

यार्डात आणि लाइनवर ज्याने काम केलंय त्याला हे लगेच कळेल. एका बाजूचं सर्किट चालू असताना त्याच टॉवरच्या दुसऱ्या बाजूला तार ओढायची तर इंडक्शनचा, म्हणजे चालू तारेमुळे शेजारच्या तारेत वीज उतरण्याचा, धोका असतो, बऱ्याचदा चालू सर्किट बंद ठेवावं लागतं. आणि दुसरं सर्किट हवं कधी असतं? मागणी जोरदार वाढली तेव्हा. म्हणजे पहिलं सर्किट बंद ठेवता येण्याची सगळ्यात कमी शक्यता असते नेमकी तेव्हा. मे महिन्यात मुंबईचा भार चार हजार मेगावॉटच्या आसपास असताना शटडाऊन मागायला मी स्वतः गेलेली आहे. कसं बघतात ते मला माहीत आहे.

तिसऱ्या शनिवारी सकाळी हात वर केला. म्हटलं, सर, ‘क’च्या दुसऱ्या तारेला दोन वर्षं उशीर झाला तर? जोरदारमधला तुटवड्याचा भुर्दंड 250 धरलाय, तो 550 करा. मग ‘क’चे 1100 चे 1400 होतात आणि चुटपुट 400, म्हणजे ‘अ’एवढीच. सारख्या शक्यतेच्या सरासरीत तर ‘अ’ पुढे जाते, 933 विरुद्ध 967.

सर फळ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “बरोबर आहे, मॅडम. पण उशीर लावायचा तर ‘अ’लाही लावा. तिचा कॉरिडॉरही वेळेवर मिळणार नाही.” हेही खरं. पण तो पहिला उशीर तिन्ही योजनांना सारखा बसतो, फरक पडतो तो फक्त ‘नंतर’ वर ठेवलेल्या कामाने. त्यांनी मान डोलावली आणि मला चौथ्या शनिवारचं काम तेच दिलं.

इथे माझी मुख्य तक्रार. वर्गाच्या सगळ्या कागदांत मागणी अनिश्चित आहे, वारा अनिश्चित आहे, ऊन अनिश्चित आहे, इंधनाचे दर अनिश्चित आहेत. वाहिनी मात्र ज्या वर्षी निवडली त्याच वर्षी 1 एप्रिलला चार्ज होऊन उभी. मुंबईत बसून हे शिकवायचं म्हणजे कमाल आहे. खारघर-विक्रोळी घ्या. 400 केव्ही मुंबई शहरात पहिल्यांदा शिरलं ते ऑक्टोबर 2023 मध्ये या वाहिनीने, सुमारे 1000 मेगावॉट जास्त आणायची सोय झाली. कागदावर ही गरज त्याच्या दशकभर आधीपासून होती. मागणीचा अंदाज चुकला म्हणून काही तो काळ गेला नाही. इथे खाडी आहे, खारफुटी आहे, तिला हात लावायचा तर उच्च न्यायालयाची परवानगी लागते, आणि जमिनीचा तुकडा मिळाला तर त्यावर आधीच कोणीतरी राहतंय. मुंबईपुरतं बोलायचं तर अनिश्चितता मेगावॉटमध्ये कमी आणि तारखेत जास्त.

सरांनी त्यावर माळढोक पक्ष्याचं उदाहरण दिलं, ते चांगलं होतं. एप्रिल 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माळढोकासाठी राजस्थान-गुजरातच्या मोठ्या पट्ट्यात वाहिन्या जमिनीखालून न्यायला सांगितलं, आणि मार्च 2024 मध्ये तो आदेश सैल करून तज्ज्ञांची समिती नेमली. मधली तीन वर्षं त्या पट्ट्यातल्या नियोजकाच्या कुठल्या आलेखात बसवणार? “मग कागदात का नाही?” मी विचारलं. म्हणाले, पुढच्या बॅचला घालतो. घालतील असं वाटतं.

तिसऱ्या शनिवारचं बाकीचं पटकन उरकते. बेंडर्सची विभागणी, म्हणजे मोठा प्रश्न फोडून ‘काय बांधायचं’ आणि ‘बांधल्यावर कसं चालेल’ असे दोन भाग एकमेकांशी बोलत सोडवायचे. कल्पना छान, पण अडीच तास स्लाइडवरची समीकरणं आणि एसी 18 वर. मागणीवाढीच्या वर्गात एसी 18 वर! शाल घेऊन जा.

दुपारचं सत्र मात्र कामाचं: वाईटात वाईट काय होईल ते धरून नियोजन करायची ‘रोबस्ट’ पद्धत. त्यात शक्यता नसतातच, फक्त प्रत्येक गोष्ट किती बिघडू शकते त्याच्या मर्यादा, आणि एक आकडा: एकाच वेळी किती गोष्टी बिघडतील असं धरायचं. सगळंच बिघडेल धरलं तर सोन्याच्या तारा लागतील. काहीच नाही धरलं तर नियोजनच नको. लग्नात पानं किती धरायची, तोच हिशोब: बोलावलेले सगळे येत नाहीत, पण आलेले उपाशी जाता कामा नयेत. 2004 मध्ये बर्टसिमस आणि सिम या संशोधकांनी हा आकडा हिशोबात घालायची सोपी रीत दिली म्हणून ती गाजली.

पण पानांच्या हिशोबात पाहुणे एकमेकांना विचारून येत नाहीत असं धरलेलं असतं. 12 ऑक्टोबर 2020, मुंबईची वीज गेली तो सोमवार, सकाळी दहाच्या सुमारास मी टेस्टिंगमध्येच होते. एक वाहिनी आधीच दुरुस्तीसाठी बंद होती, मग पडघा-कळवा बाजूच्या 400 केव्ही वाहिन्या एकामागून एक गेल्या, आणि मुंबईला वेगळं काढून जिवंत ठेवायची आयलँडिंगची व्यवस्था त्या दिवशी टिकली नाही. लोकल जागच्या जागी उभ्या. त्यातल्या दोन घटना एकमेकींना अनोळखी नव्हत्या. एक बंद होती म्हणूनच दुसरीवर भार आला. मी हे वर्गात बोलले तेव्हा कोणीच वहीत लिहून घेतलं नाही, फक्त त्या खाजगी कंपनीतल्या गृहस्थांनी घेतलं. त्यांच्याबद्दलचं माझं मत तिथे बदललं.

चौथा शनिवार. प्रत्येकाने आपलं काम मांडायचं, पंधरा मिनिटं. मी ‘क’ फोडून बघितली. दुसरं सर्किट म्हणजे एक वस्तू नाही, दोन आहेत: तार ओढणं आणि दोन्ही टोकांना बे बसवणं. सरांच्या आकड्यांत हे सगळं आत्ता केलं तर ‘क’वर 250 जास्त लागतात. त्यातले 150 तारेचे आणि 100 बेचे असं मी धरलं, ढोबळ आहे. मग तार आत्ताच ओढली आणि बे पुढे ठेवले तर? आत्ता 800, पुढे लागले तर 80, कारण पुढचा पैसा आज स्वस्त दिसतो. मंद 800, मध्यम 880, जोरदारमध्ये थोडा तुटवडा धरून 1030. चुटपुट 300, 30, 30. उशीर धरल्यावर ‘अ’ आणि ‘क’ दोघी 400 वर अडकल्या होत्या, ही 300 वर.

कारण साधं आहे. बे माझ्या कुंपणाच्या आत आहेत. तिथे काम करायला मला गावकऱ्यांना, जंगल खात्याला, रेल्वेला विचारावं लागत नाही, आणि चालू सर्किटला हात लावावा लागत नाही. कुंपणाबाहेरचं जे काही आहे ते आत्ता करायचं, आतलं मागे ठेवायचं. गणितवाले ‘आत्ताचे निर्णय’ आणि ‘नंतरचे निर्णय’ असे दोन टप्पे पाडतात ते फार चांगलं आहे, पण काय कुठल्या टप्प्यात जातं हे तारखांचा त्रास बघून ठरवायचं असतं, आणि ते सॉफ्टवेअर सांगत नाही. नवं काहीच नाही यात. उत्तरेतली किशनपूर-मोगा वाहिनी 765 केव्हीसाठी बांधली आणि 400 वर चालवली, तीही याच जातीची. कॉरिडॉर एकदाच मिळतो.

नागपूरचा मुलगा म्हणाला, “ताई, मोकळी तार ठेवली तर चोरीला जाईल.” वर्ग हसला, पण त्याचा प्रश्न शंभर नंबरी होता. मी म्हटलं, एका टोकाने चार्ज करून, म्हणजे वीज सोडून ठेवायची, अँटी-थेफ्ट चार्जिंग आपण करतोच की. त्याला हा शब्द माहीत नव्हता. त्याला बिग एम माहीत होता. म्हटलं, चला, कोणाला तरी काहीतरी दिलं आपण.

सरांनी जी शंका काढली तिला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं. भार न वाहणाऱ्या तारेचे 150 कोटी ग्राहकाच्या बिलात का, असं नियामक आयोगापुढे कोणी उभं राहून विचारलं तर? मंद भविष्य आलं तर ती तार वर्षानुवर्षं नुसती लोंबणार, आणि लेखापरीक्षणात तिचा फोटो लागणार. चुटपुटीचा तक्ता तेव्हा कोणी बघायला मागणार नाही. त्यावर सर म्हणाले, “म्हणूनच तक्ता आधी फाइलला लावायचा, तारीख टाकून.” सोमवारी ऑफिसात मी तेच केलं. ठाण्याच्या बाजूच्या एका छोट्या कामाच्या टिप्पणीला तीन बाय तीनचा तक्ता जोडला. साहेबांनी विचारलं हे काय. सांगितलं. “चुटपुट हा शब्द टिप्पणीत चालत नाही,” म्हणाले, शब्द खोडला, तक्ता ठेवला.

कोणी जावं? लोड फ्लो ज्याने स्वतः चालवलाय त्याने जावं. ज्याला पायथन अजिबात येत नाही त्यानेही जावं, मला तरी कुठे येत होतं. सरांची स्क्रिप्ट तयार मिळते, आकडे बदलायचे. निव्वळ गणितासाठी जाणाऱ्याला बेंडर्स घाईत वाटेल, आणि नुसतं प्रमाणपत्र हवं असेल तर याहून स्वस्त जागा आहेत. नोट्स 140 पानांच्या, इंग्रजीत, माझ्या प्रतीत 61 ते 76 पानं दोनदा बांधलेली आणि त्यांच्या जागी जे हवं होतं ते नाही. चहा चांगला, आलं घातलेला. पाचपैकी साडेतीन देते. अर्धा संकष्टीचा कापला, बाकीचा एक तारखांचा.

प्रमाणपत्र अजून आलेलं नाही. पंधरा दिवसांत म्हणाले होते, मग महिनाअखेर म्हणाले, आता छपाईवाला गावाला गेलाय.